लाइट गेलेली, तरी कूलरला करंट

अंबाजोगाईच्या जुन्या गावातलं माळवदाचं घर. एप्रिलच्या दुपारी लाइट गेली, पंखे थांबले आणि कूलरमध्ये पाणी ओतायला गेलेल्या काकूंना जोराचा झटका बसला. कळशी हातातून पडली आणि त्या मागे फेकल्या गेल्या, म्हणून वाचल्या. मी पोचलो तेव्हा काकांचा एकच प्रश्न होता, "मिस्त्री, लाइटच नाही तर करंट आला कुठून?"

शेजारी लाइट होती, म्हणजे दोष घरातच होता. दारामागच्या लाकडी बोर्डावर लोखंडी मेन स्विच आणि चिनी मातीचे दोन किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बसवायचे खटके होते, एक फेजवर (करंट आणणारी तार) आणि एक न्यूट्रलवर (करंट परत नेणारी तार). पूर्वी दोन्ही तारांवर फ्यूज लावायची पद्धत होती. किटकॅटच्या पुढे, घराच्या बाजूला टेस्टर लावला तर तो दोन्ही तारांवर पेटला. न्यूट्रल शाबूत असेल तर त्यावर टेस्टर पेटत नाही. मग टेस्ट लॅम्प घेतला, म्हणजे दोन तारा जोडलेला साधा बल्ब. किटकॅटच्या मागे, मीटरकडून येणाऱ्या तारांवर तो लख्ख लागला, पुढच्या तारांवर मात्र लागला नाही. अशा वेळी मी नुसत्या डिजिटल मीटरवर विसंबत नाही. शेजारून जाणाऱ्या तारेमुळेही त्यात खोटे व्होल्ट दिसतात. दिवा पेटायला खरा करंट लागतो.

उडाला होता तो न्यूट्रलचा फ्यूज. फेजच्या किटकॅटमध्ये कुणीतरी फ्लेक्सिबल वायरीतले तांब्याचे धागे पीळ देऊन भरले होते. ५ अँपिअरसाठी ०.२ मिलिमीटर, १५ अँपिअरसाठी ०.५ मिलिमीटरची कल्हई केलेल्या तांब्याची फ्यूज वायर लागते. ही जुडी आगपेटीच्या काडीएवढी होती. लोड वाढल्यावर ती वितळणार कशी? न्यूट्रलची बारीक तार आधी गेली आणि सगळं घर फेजवर राहिलं.

तरीही कूलरच्या पत्र्यावर करंट यायला आणखी एक गोष्ट लागते. थ्री-पिन सॉकेट उघडलं आणि ती सापडली: अर्थची वायर नाही म्हणून अर्थचं टर्मिनल छोट्या तुकड्याने न्यूट्रलला जोडलं होतं. देवघरातल्या बल्बचं बटण चालूच होतं. फेज बल्बमधून न्यूट्रलवर आली, पुढे फ्यूज तुटलेला, म्हणून त्या तुकड्यातून थेट कूलरच्या बॉडीवर. मध्ये ६० वॅटचा बल्ब असला तरी त्यातून पाव अँपिअर जाऊ शकतो, म्हणजे २५० मिलिअँपिअर. माणसाच्या जिवाला त्याहून फार कमी पुरतो. हा जोड मला अजूनही जागोजागी दिसतो आणि प्रत्येक वेळी संताप येतो.

मेन बंद करून आधी तो तुकडा काढला, न्यूट्रलचा किटकॅट काढून तिथे फ्यूजशिवाय सरळ जोड (लिंक) दिला आणि फेजला योग्य जाडीची फ्यूज वायर भरली. कूलर, फ्रिज नवी वायरिंग होईपर्यंत बंद.

लाकडी पट्टीवरच्या वायरीचं काळं रबर चिमटीत धरताच भुगा होऊन गळत होतं. पावसाळ्यात माळवद पाझरलं की तेच पाणी या वायरींवर येतं, आणि वर सगळं लाकूड. मध्येच नंतरची अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याला नुसती पिळून जोडलेली. असा जोड सैल पडतो, गंजतो, तापतो. इथे दुरुस्तीला जागाच नव्हती.

माती-दगडाच्या भिंती फोडायच्या नाहीत म्हणून पीव्हीसी केसिंग-कॅपिंग, म्हणजे भिंतीवरून जाणारी झाकणाची पट्टी घेतली. दिव्यांना दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि ६ अँपिअरची एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच), कूलर-फ्रिजला अडीचची वायर आणि १६ची एमसीबी. मेनला फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा डबल पोल स्विच, त्यापुढे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच. अर्थची हिरवी वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत.

चालू करताच आरसीसीबी पडली, म्हणजे तिने लाइन तोडली. इन्व्हर्टरची न्यूट्रल आणि मेनची न्यूट्रल एका जुन्या जोडात एकत्र होत्या. त्या वेगळ्या केल्यावर ती टिकली. लोक अशा वेळी आरसीसीबीच काढून टाकतात, ते अजिबात करू नका.

अर्थिंगला अंगणात अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून पाइपापासून सुटते आणि कूलर चालतो नेमका तेव्हाच. म्हणून फेब्रुवारीपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात ओतायला काकांना सांगितलं, आणि महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायला.