मीटरचं रीडिंग नाचतंय, पण नाचवतंय कोण?

टेस्टर घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी होतंच, एकाच सॉकेटला मीटर लावायचा, बटन दाबलं की ५.८ ओम, लगेच परत दाबलं की ६.९, तिसऱ्यांदा ६.२, आणि मालक मागं उभा राहून सगळं बघत असतो तो विचारतो, "काय ओ, मीटर डब्बा झाला का तुमचा?" मला तर वाटतंय मीटरला शिव्या घालायच्या आधी बाकीच्या सगळ्यांची चौकशी करावी, म्हणजे लाईन, लीडा (मीटरच्या वायरी), सर्किट, जमीन, हवामान, आणि सगळे निर्दोष सुटले तर मग मीटर.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात लूप इंपिडन्स, म्हणजे फॉल्टचा करंट ज्या वाटेनं फिरून येणार त्या सगळ्या वाटेचा अडथळा, घेत होतो तेव्हा हेच चालू होतं. सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे अर्थकडं करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, तो पडू नये म्हणून मीटर नो-ट्रिप मोडवर. आता ह्या मोडला मीटर फेज आणि अर्थच्या मधून सोडतो किती करंट, तर साधारण १५ मिलिअँपिअर. सहा ओमच्या लूपमध्ये त्यानं व्होल्टेज पडणार ०.०९ व्होल्ट, म्हणजे ९० मिलिव्होल्ट. आणि लाईन काय करायलीय, तर शेजारच्या शेडमधले माग चालू-बंद होतील तसं २२४, २२९, २२६. दोन-पाच व्होल्टच्या हेलकाव्यात ते ९० मिलिव्होल्ट शोधायचे म्हणजे गड्डा जत्रेच्या गर्दीत कुणी कानात कुजबुजलेलं ऐकायचं. मीटर बिचारा भरपूर सँपल घेऊन सरासरी काढतो, म्हणून तर त्या मोडला इतका वेळ लागतो, पण त्यालाही मर्यादा आहे.

माझा पोऱ्या सारखं बटन दाबत होता, म्हटलं काय करायलाय बे, थांब की, जेवणाची सुट्टी होऊ दे. सुट्टीत माग बंद झाले आणि तेच रीडिंग ६.१ ते ६.३ मध्ये येऊन बसलं. हाय करंट मोडवर हा त्रास कमी, कारण तिथं काही मीटर क्षणभर वीसेक अँपिअर सुद्धा ओढतात आणि पडणारं व्होल्टेज स्पष्ट दिसतं, पण आरसीसीबीच्या पुढं फेज-अर्थला तो मोड लावला की आरसीसीबी पडणारच. म्हणून मी काय करतो, फेज-न्यूट्रलला हाय करंट मोडवर घेऊन बघतो. तिथं रीडिंग स्थिर आलं की फेजची वायर, तिचे जॉइंट आणि सप्लाय ठीक, मग शंका उरली अर्थच्या बाजूला.

सगळी सॉकेटं शांत झाली पण एक मात्र सुट्टीतही नाचतच होतं, प्लग जरा हलवला की दोन ओम इकडं तिकडं. मेन बंद करून उघडलं तर अर्थचा स्क्रू ढिला, वायर नुसती टेकलेली. मागांच्या हादऱ्यानं स्क्रू ढिले पडतात, वरनं कापसाची धूळ बसते, त्यामुळं अशा शेडमध्ये एकच सॉकेट वेगळं वागत असेल तर तिथं मीटरची चौकशी करायचीच नाही, सरळ स्क्रूड्रायव्हर काढायचा. सगळीकडं नाचतंय तर लाईन किंवा लीड, एकाच जागी नाचतंय तर तीच जागा, हा माझा हिशोब.

आणि नाचलं तरी ते कुठं मनावर घ्यायचं हेही कळायला पाहिजे. स्वतःच्या अर्थिंगच्या खड्ड्यावर चालणाऱ्या जागेत लूप सहा ओम आहे, म्हणजे फॉल्ट करंट २३० भागिले ६, जेमतेम ३८ अँपिअर. १६ अँपिअरचा सी टाइप एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच, झटक्यात पडायला १६० अँपिअरपर्यंत लागू शकतात. म्हणजे ५.८ असो की ६.९, अर्थ फॉल्टला एमसीबी भरवशाचा नाहीच, काम आरसीसीबीनंच करायचंय, मग त्या एका ओमसाठी अर्धा तास घालवायचा कशाला. पण कंटिन्युइटीमध्ये, म्हणजे वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे का बघायच्या टेस्टमध्ये, ०.२ चं ०.६ झालं तर मात्र मी सोडत नाही.

कंटिन्युइटीत लफडं बहुतेक लीडांचं असतं. झिरो करताना, म्हणजे लीडांचा स्वतःचा ओम वजा करून घेताना, क्रोकोडाईल क्लिप लावलेली असते आणि मोजताना प्रोब, किंवा लांब लीड नंतर जोडलेली, मग ०.१-०.२ ओम जास्तीचे कुठनं आले म्हणून लोक डोकं खाजवत बसतात. लीड बदलली, टोक बदललं की परत झिरो करायचं. शिवाय मीटरच्या पुस्तकात अचूकता कशी लिहिलीय ते एकदा वाचा, समजा ५ टक्के अधिक ५ डिजिट असं असेल तर ०.२० ओमवर पाच टक्के म्हणजे ०.०१, आणि पाच डिजिट म्हणजे डिस्प्लेवरच्या शेवटच्या घराचे पाच, ०.०५, एकूण ०.०६. म्हणजे ०.१४ पासून ०.२६ पर्यंत काहीही दाखवलं तरी मीटर कागदावर पास आहे. लहान रीडिंगला ते पाच डिजिटच सगळं खाऊन टाकतात आणि आपण टक्केवारीकडं बघत बसतो.

मेगरची, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन वायरीचं इन्सुलेशन मोजायच्या मीटरची, गंमत वेगळी. बटन दाबल्यावर आकडा हळूहळू चढायला लागला तर घाबरू नका, लांब केबल आधी चार्ज होते मग आकडा ठरतो, तोवर बटन सोडायचं नाही, आणि नंतर डिस्चार्ज होईपर्यंत वायरीला हात लावायचा नाही. ५०० व्होल्टला आकडा एकदम पडतोय आणि २५० ला बरा येतोय तर आधी स्पाइक गार्ड, सर्ज प्रोटेक्टर कुठं लागलेत ते शोधा, त्यांचं कामच जास्त व्होल्टेज आलं की वाट करून देणं. बोर्डावरचा इंडिकेटर, एलईडीचा ड्रायव्हर, इन्व्हर्टर, सगळं काढून मगच मेगर मारायचा. आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. ढोबळ नियम असा की तापमान दहा डिग्रीनं वाढलं की इन्सुलेशनचं रीडिंग निम्म्यावर येतं, म्हणजे जानेवारीच्या सकाळी घेतलेलं आणि मेच्या दुपारी तापलेल्या स्लॅबमधल्या पाइपातल्या वायरीचं घेतलेलं, एकाच वायरीचं असूनही चौथ्या हिश्श्यावर येऊ शकतं, तेवढ्यावरनं वायरिंग गेलं म्हणून मालकाला घाबरवू नका.

अर्थिंगचा तर विषयच काढू नका, म्हणजे मीच काढलाय. सोलापूरची काळी माती मे महिन्यात भेगाळते, खाली मुरूम नाहीतर खडक, टेस्टसाठी मीटरच्या लीडा जोडून जमिनीत ठोकायचे खिळे धड रुतत नाहीत, आणि खिळ्यालाच धड कॉन्टॅक्ट नसला तर मीटर काय मोजणार. खिळ्याच्या बुडाशी पाणी ओता, चालतं. खड्ड्यात मात्र टेस्टच्या दिवशी ओतू नका. साहेब येणार म्हटलं की सकाळी बादल्या रिकाम्या करायची पद्धत सगळीकडं आहे, रीडिंग छान येतं आणि आठवड्यानं कुणी परत घेतलं की "तुमचं तर वेगळंच येतंय" म्हणून भांडण. मला विचाराल तर भर उन्हाळ्यातलं कोरड्या खड्ड्याचं रीडिंगच रजिस्टरला लावायला पाहिजे, फॉल्ट काय पाऊस बघून येत नाही. रीडिंगवर भरवसा बसत नसेल तर लांबचा खिळा खड्ड्यापासून ३० मीटरवर असताना मधला साडेअठराच्या आसपास ठेवून एक घ्यायचं, मग तो तीन मीटर अलीकडं, तीन मीटर पलीकडं. तिन्ही जवळपास सारखे आले तर खरं. नाही आले तर लांबचा खिळा आणखी लांब न्या, हद्द पुरत नसेल तर रिपोर्टात तसं लिहा, सरासरी काढून मोकळे होऊ नका.

आरसीसीबीच्या ट्रिप टाइमला, म्हणजे तो पडायला किती वेळ घेतो त्याला, उलटा नियम. तिथं पहिलंच रीडिंग जपून ठेवायचं. वर्षानुवर्षं न हललेला आरसीसीबी पहिल्यांदा जड पडतो, एकदा पडला की आतली यंत्रणा मोकळी होते आणि मग पुढची रीडिंगं सुंदर येतात, पण शॉक लागेल तेव्हा तो पहिल्यांदाच पडणार आहे ना. बाकी थोडाफार फरक चालतोच, मीटर सप्लायच्या एसी साइकलच्या कुठल्या अर्ध्यापासून सुरू करतो त्यावर वेळ बदलतो, म्हणून ० आणि १८० डिग्री दोन्हीला घ्यायचं. लोड काढले नसतील तर कॉम्प्युटर, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) यांची आधीचीच गळती टेस्टच्या करंटमध्ये मिसळते, मग १५ मिलिअँपिअरलाच पडतो आणि आपण म्हणतो आरसीसीबी खराब.

मीटरचीच परीक्षा घ्यायला मी एक डबी करून ठेवलीय. त्यात १ ओमचा वायरवाउंड रेझिस्टर, आणि १०० किलोओमचे दहा ओळीनं जोडून १ मेगाओम. एकच १ मेगाओमचा साधा पाव वॉटचा घेऊ नका, ५०० व्होल्ट तेवढ्याला झेपत नाही, दहा असले की प्रत्येकावर ५० च येतात. ही डबी फक्त कंटिन्युइटी आणि मेगरसाठी, लाईनला कधीही लावायची नाही. लूपसाठी दुकानातलं एक सॉकेट ठरवलंय, मोठ्या कामाला निघायच्या आधी तिथलं रीडिंग, व्होल्टेज आणि वेळ वहीत लिहितो.

डबी बरोबर दाखवतेय आणि साइटवर नाचतंय तर मीटर घरीच ठेवा, कॅलिब्रेशनला पाठवून काही मिळणार नाही. डबीवरच चुकतंय तर आधी सेल बदला, मग दुसऱ्या लीडा लावून बघा, तरीही चुकलं तर एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबला पाठवा आणि सोबत वहीतली पानं जोडा, कुठल्या रेंजला, कुठल्या लीडांवर, किती चुकतंय ते. नुसतं "रीडिंग बरोबर येत नाही" लिहून पाठवलं तर त्यांच्या एसी खोलीतल्या टेबलावर, स्थिर सप्लायवर, मीटर शहाण्यासारखा वागणार आणि सर्टिफिकेट न बिल घेऊन परत येणार.