तात्यांचा डाव आणि फिसकटलेला कार्बन

दुसऱ्याच्या बुद्धिबळाच्या डावावर मत द्यायचं तर तो डाव नेमका कसा खेळला गेला, हे आधी हातात हवं. माझा सगळा वेळ गेला तो इथंच, आणि त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

तात्या एसटीतून निवृत्त झालेले, रत्नागिरीत मांडवीकडे राहतात. आम्ही दोघंही हौशी, संध्याकाळी एकमेकांशी खेळणारे. भर पावसाळ्यात जिल्ह्यातल्या एका स्पर्धेत ते हरले आणि स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेला कागद, माझ्या पडवीत टेबलावर ठेवून म्हणाले, "बघ रे, कुठं घसरलो ते सांग. गोड बोलू नकोस."

हा कागद दुहेरी असतो. वरची प्रत आयोजकांकडे जमा करायची, खालची कार्बनची आपल्याला. तात्यांचा कार्बन मध्येच सरकलेला, त्यामुळे विसाव्या चालीपुढे ओळीवर ओळ चढलेली. कागद दमट, शाई पसरलेली. त्यात तात्यांच्या अक्षरात इंग्रजी बी आणि डी ओळखू येणं मुश्किल.

पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच ही अक्षरं आणि आडव्या ओळींना १ ते ८ हे आकडे असतात, त्यावरून घर सांगतात. २७व्या चालीला "हत्ती डी१". पण त्या वेळी एक हत्ती ए१ वर, दुसरा एफ१ वर, आणि दोघांनाही डी१ मोकळं. अशा वेळी हत्ती कुठल्या पट्टीवरून आला ते लिहायचं असतं, ते राहिलेलं. मोबाइलवर लायचेस या बुद्धिबळाच्या ॲपमध्ये मी चाली भरत होतो. ए१चा हत्ती धरला, तर ३३व्या चालीला ॲप अडलं, कारण तिथं हत्तीनं ए७चं प्यादं मारलंय आणि मधल्या चालींत कुठलाच हत्ती ए पट्टीवर परतलेला नाही. म्हणजे सरकला तो एफ१चा. हे कोडं निदान कागदावरच सुटलं.

खरं घोडं अडलं ३०व्या चालीला. सी३चा घोडा बी५ला गेला की डी५ला? नियमानं दोन्ही चालतं, ॲप दोन्ही मुकाट्यानं घेतं. पुढं ३६व्या चालीला तोच घोडा सी७ वर दिसतो, आणि सी७ला दोन्ही घरांवरून जाता येतं! तात्या म्हणाले, "डी५च असणार, मध्यात घोडा चांगला." 'असणार' या शब्दावर मी सल्ला कसा देऊ? बी५ म्हणजे तात्यांचा डोळा ए७च्या प्याद्यावर, डी५ म्हणजे मध्यावर. दोन वेगळे विचार, दोन वेगळे डाव.

वरची प्रत पाहिली की मिनिटाचं काम, म्हणून आयोजकांना फोन केला. गठ्ठा ज्यांच्याकडे आहे ते गावाला गेलेत. ते आले तर म्हणे अर्ज लिहून आणा. अर्ज नेला तर सही करणारे नाहीत. सही झाली तर गठ्ठा हॉलच्या माळ्यावर, आणि किल्ली तिसऱ्याकडे. एकानं तर मला फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचा, नियम ऐकवला की स्कोअरशीट ही आयोजकांची मालमत्ता असते. नियम खरा आहे. पण एका म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्याच डावाचा कागद नुसता बघायचाय, त्यात मालमत्तेचं काय गेलं? शेवटी कळलं की तो गठ्ठा रद्दीत गेला. अर्ज घेतानाच कोणी गठ्ठा आहे का ते बघितलं असतं तर पावसातले माझे हेलपाटे वाचले असते. तुम्ही खेळत असाल तर प्रत जमा करण्याआधी तिथंच, डाव संपल्यावर, फोटो काढून घ्या. हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

मग मी पट मांडला, २९व्या चालीपर्यंत आणला आणि तात्यांना "कुठं गेलात?" असं न विचारता "इथं भीती कशाची वाटत होती?" असं विचारलं. तात्या बराच वेळ पटाकडे बघत राहिले. मग त्यांनी काळ्या उंटावर बोट ठेवलं. "हा ई६ वर होता ना. डी५ला गेलो असतो तर यानं मारला असता. अरे, बी५! ए७ फुकट मिळेल म्हणून गेलो मी!" त्या क्षणी जो आनंद झाला तो मला स्वतः डाव जिंकूनही क्वचित होतो. माळ्यावरच्या गठ्ठ्याशिवाय लिहिलेला डाव पुरा सापडला होता.

त्यापुढचं सोपं गेलं. मी दोनच जागा निवडल्या. हरलेल्या माणसाला दहा चुका सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही. पहिली जागा हीच: कडेच्या एका प्याद्यासाठी घोडा आणि हत्ती दोन्ही गुंतले, आणि तेवढ्यात समोरच्याचं ई पट्टीवरचं प्यादं राजाच्या सोबतीनं पुढं आलं. २७व्या चालीचं मात्र कौतुक केलं, कारण ए पट्टीवरचा हत्ती जागेवर ठेवून दुसरा सरकवणं हा विचार पक्का होता. कौतुकही असं चालीवर बोट ठेवून करावं, नुसत्या "छान खेळलात"ला तात्या भुलत नाहीत.

दुसरी जागा शेवटची. घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी उरली आणि चालीमागे तीस सेकंद मिळत नसतील तर लिहायची सक्ती नसते, त्यामुळे तिथं कागद कोराच. पण स्थिती तात्यांना तोंडपाठ होती: त्यांचा राजा ई१ वर, काळ्याचा राजा डी४, प्यादं ई४, दोघांकडे एकेक हत्ती. तात्यांनी राजाच्या रक्षणाला हत्ती मागं ए१ वर आणला आणि हरले. इथं अठराव्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच खेळाडूची रीत लागते. हत्ती तिसऱ्या आडव्या ओळीत, ए३ वर धरून ठेवायचा, म्हणजे काळा राजा पुढं येऊ शकत नाही. प्यादं ई३ला सरकलं की लगेच हत्ती ए८ला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. प्याद्याच्या पुढं लपायला जागा नसल्यानं राजाला आडोसा मिळत नाही, डाव बरोबरीत. तात्यांनी दोन्ही बाजूंनी खेळून बघितलं, मग माझ्याकडून काळे घेववले आणि मला बरोबरीत रोखलं.

ते थोडे खट्टू झाले तेव्हा मी २०२४च्या सिंगापूरच्या जगज्जेतेपदाचा शेवटचा डाव सांगितला. ५५व्या चालीला तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन यानं हत्ती एफ२ वर ठेवला आणि गुकेश जगज्जेता झाला. हत्तीची एक चाल जगज्जेत्यालाही नडते.

हो, एक राहिलं. स्कोअरशीटवर चालींबरोबर घड्याळातली वेळ लिहायला परवानगी असते. दर पाच चालींनी लिहा, म्हणजे समजवणाऱ्याला तुम्ही कुठं अडलात ते दिसतं. आणि इंजिन, म्हणजे चाली तपासून आकडे देणारा संगणकाचा प्रोग्राम, सगळ्यात शेवटी लावा. तात्यांच्या नातवानं ते पहिल्याच दिवशी लावलं होतं, डी५ धरून. इंजिननं दिलेले आकडे न खेळलेल्या डावाचे होते.