वॉटर्लूची लढाई पाहायला जाताय? छावणीत जास्त वेळ काढा

पहिली गोष्ट, वॉटर्लूची लढाई वॉटर्लूत झालीच नाही. रणभूमी बेल्जियममधल्या या गावाच्या दक्षिणेला चारेक किलोमीटरवर, ब्रेन-लालोच्या हद्दीत आहे. ब्रसेल्सहून ट्रेनने जाताना वॉटर्लू स्टेशन आलं तरी जागचे हलू नका, ब्रेन-लालोला उतरा. तिथून बस मिळते, नाहीतर पाऊण तासाची चाल.

नेपोलियनचा पराभव झाला ती १८ जून १८१५ ची ही लढाई हौशी मंडळी जूनमध्ये त्याच शेतांवर पुन्हा उभी करतात. २०१५ मध्ये, द्विशताब्दीला, सुमारे पाच हजार जण गणवेशात उतरले होते. एरवीच्या वर्षी मामला पुष्कळ छोटा असतो, आणि मला विचाराल तर तेच बरं.

कारण लढाई दिसत नाही. पहिल्या दोन-तीन फैरी झाल्या की काळ्या दारूचा पांढरा धूर असा दाटतो की पुढचं सगळं कानांनीच पाहायचं. म्हणून जागा धरण्याआधी झेंडे कुठे फडकतायत ते बघा आणि वारा पाठीवर येईल अशा बाजूला उभे राहा. कानात बोळे हवेतच, लहान मुलं बरोबर असतील तर नक्कीच. तोफेचा बार छातीत बसतो.

खरी मजा सकाळी, छावणीत. रणभूमीवरच्या उगूमाँ नावाच्या जुन्या शेतवाडीत इंग्रजांकडच्या पलटणींच्या पांढऱ्या राहुट्या होत्या. जूनच्या उन्हात जाड लोकरीचे लाल डगले घातलेली माणसं चुलीवर रस्सा ढवळत होती. कुणी बटणं घासत होतं, तर कुणी फाटलेला सदरा हाताने शिवत होतं. विचारलंत तर प्रत्येक जण बोलतो, पण परवानगीशिवाय बंदुकीला हात लावू नका आणि तिकडे सिगारेट तर मुळीच पेटवू नका.

एकाने मला ठासणीची बंदूक भरून दाखवली. कागदी काडतूस दाताने फाडायचं (ओठ काळे होतात), चिमूटभर दारू रंजकीत, म्हणजे चापाजवळच्या छोट्या वाटीत टाकायची, उरलेली नळीत ओतायची. गोळी अर्थातच नसते. दारू ठासायचा गजही नळीत घालत नाहीत, घाईत आतच राहिला तर बाराबरोबर तो समोरच्याच्या अंगावर जाईल. चाप ओढला, चकमक झडली, रंजक भुर्रकन उडाली आणि बार झालाच नाही. त्याने शांतपणे गारगोटीची कड पुसली आणि पुन्हा घोडा चढवला. ओल धरलेल्या हवेत असे फुसके बार बरेच होतात म्हणे. मूळ लढाईच्या आदल्या रात्री तर धो-धो पाऊस पडला होता!

हा गडी ३३व्या पलटणीचा, म्हणजे वॉटर्लूला इंग्रजांच्या बाजूचा सेनापती असलेल्या वेलिंग्टनच्या जुन्या पलटणीचा गणवेश घालून होता. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर तो लगेच ‘असई!’ म्हणाला. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला याच वेलिंग्टनने, तेव्हाच्या आर्थर वेलस्लीने, शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली होती. रणांगणावरची तुमची सर्वोत्तम कामगिरी कोणती, असं म्हातारपणी विचारल्यावर त्याने वॉटर्लू नव्हे, असईच सांगितली. शिंद्यांच्या तोफखान्यावर हा माणूस माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलला. ‘तू असईला कधी गेलास?’ या प्रश्नाला मी शिताफीने बगल दिली.

उगूमाँतलं छोटं चॅपल चुकवू नका. लढाईत वाडी पेटली तेव्हा तिथल्या लाकडी क्रूसावरच्या येशूच्या पायांपर्यंत आग आली आणि थांबली. जळकी खूण अजून दिसते. लढाईचं स्मारक म्हणून रचलेल्या सिंहाच्या टेकाडाच्या २२६ पायऱ्या मात्र उन्हं चढायच्या आत उरका. वरून सगळा मुलूख नजरेत येतो, पण ध्यानात ठेवा, हे टेकाड रचायला आसपासचीच माती उपसली, त्यामुळे वेलिंग्टनच्या वेळचा उंचवटा आता तसा राहिलेला नाही.

शाकाहारी असाल तर सांभाळा. बेल्जियममध्ये बटाट्याचे फ्राइज परंपरेने गाईच्या चरबीत तळतात, तेव्हा गाडीवाल्याला आधी विचारा. डबा नेलात तर उत्तम. टोपी, पाणी, चिखलात चालतील असे बूट आणि थोडी रोकड जवळ असू द्या. छावण्यांच्या जागा आणि वेळा दर वर्षी बदलू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहून घ्या.

आणि स्वतःलाच डगला चढवायची सुरसुरी आली तर लगेच गणवेश शिवायला टाकू नका. बहुतेक पलटणी नवख्याला पहिल्या एक-दोन कार्यक्रमांना उसने कपडे देतात. बूटही घालून बघा. त्या काळच्या बुटांत डावा-उजवा असा फरक नसायचा, आणि कवायत तासन् तास चालते.