आमची वाटचाल: पाट्यापासून कॅस्टरपर्यंत

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. सुरुवात पाट्यांच्या, म्हणजे गाडीखालच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या कामाने झाली. उसाच्या ट्रॉल्या, काळी-पिवळी जीप, खडीचे टेम्पो यायचे. मोडलेला मेन पाटा बदलायचा, सेंटर बोल्ट टाकायचा, बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान द्यायची, एवढंच काम. आता दारात उभ्या असतात त्या उंच केलेल्या जिप्सी, थार, जिम्नी आणि गुरखा. तक्रार बहुतेकांची एकच: उंच केल्यापासून गाडी आपटते आणि ऐंशीच्या पुढे हँडल धरवत नाही. पाणंद रस्त्यावर हे चालून जायचं. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तीच गाडी काँक्रीटवर शंभरने पळवली जाते, आणि तिथे ती तरंगायला लागते.

आम्हीही आधी फक्त उंची द्यायचो. जिप्सीला चारही बाजूंना पाटे आणि पुढे-मागे अखंड ॲक्सल, त्यामुळे काम सोपं वाटायचं. पाटा तापवून कमान वाढवायची की झालं. पण लाल केलेल्या पाट्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं आणि काही महिन्यांत तो पुन्हा बसतो. प्रेसवर थंड वाकवलेला जास्त टिकतो, तरी थकलेलं पोलाद ते थकलेलंच. आता नवा संच बसवतो, आणि तोही गाडी काट्यावर नेऊन वजन केल्यावरच. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, मग फक्त मागची. पुढे लोखंडी बंपर आणि विंच धरून बनवलेला संच साध्या बंपरच्या गाडीला बसवला की ती दगडासारखी चालते. अशा संचातला एक पाटा कमी केला की निम्मी तक्रार तिथेच मिटते. उरलेली बऱ्याचदा पाट्यांमधल्या गंजाची असते. संच सोडवायचा, ब्रशने साफ करायचा, प्रत्येक पाट्याच्या टोकाला घसरपट्टी द्यायची. पट्टी नसेल तर ग्राफाइट ग्रीस लावायचं.

बुश, म्हणजे जोडांतल्या रबरी नळ्या, आवळण्याची वेळ बहुतेक ठिकाणी चुकते. गाडी जॅकवर लटकती असतानाच शॅकलचे (पाट्याचं टोक झुलतं धरणारी कडी) आणि दांड्यांचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. रबरी बुश त्याच स्थितीत पकडला जातो आणि गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो. गाडी कडक लागते, उंचीही खोटी दिसते, आणि पुढे रबर फाटतं. आमच्याकडे बोल्ट आधी हातानेच लावतो. गाडी चाकांवर उतरवायची, चार-पाच वेळा दाबून हलवायची, मग बोल्ट टॉर्क पान्याने आवळायचे. एवढं एक पाळलं तरी फरक जाणवतो.

शॉकअपचं गणित तर सरळ आहे. समजा मूळ शॉकअप दबलेला ३४० मिलिमीटर आणि उघडलेला ५४० आहे. म्हणजे चाल २००. गाडी उभी असताना तो ४४० वर असतो. गाडी ५० मिलिमीटर उंच केली की तो ४९० वर जातो आणि खाली जायला फक्त ५० उरतात. चाक खड्ड्यात उतरलं की शॉकअप टोकाला लागतो आणि ‘खट्’ आवाज येतो. मालकाला वाटतं, स्प्रिंग कडक झाली. इथे मऊ स्प्रिंग टाकून काही होत नाही, लांब शॉकअपच लागतो. फक्त त्याची दबलेली लांबी आधी मोजावी. बंप स्टॉप (चाक वर येण्याची मर्यादा धरणारा रबरी ठोकळा) लागल्यावरही शॉकअपमध्ये १० ते १५ मिलिमीटर शिल्लक राहिले पाहिजेत, नाहीतर सगळा दणका शॉकअपवर येतो आणि सील फुटतं. ब्रेकचा होसपाइपही चाक पूर्ण लटकवून बघायचा. तो ताणला जात असेल तर बाकी सगळं थांबवून आधी तो बदलतो.

२०२० पूर्वीच्या बहुतेक थारला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा, असतो. त्याचा बोल्ट फिरवून ती फुकटात उंच होते, म्हणून जो तो फिरवतो. त्याने बार कडक होत नाही, पण चाकाची खाली जायची जागा संपते. वरचा आर्म रिबाउंड स्टॉपवर (चाक खाली जाण्याची मर्यादा धरणारा ठोकळा) टेकून राहतो आणि प्रत्येक खड्ड्याला धडकतो. अशा गाडीला आम्ही आधी खाली उतरवतो, आर्म आणि स्टॉपमध्ये २५ ते ३० मिलिमीटर फट येईपर्यंत. मालक सुरुवातीला नाराज होतो. आम्ही त्याला तीच गाडी कन्नडच्या घाटात नेऊन यायला सांगतो.

आता हँडल. आमच्या कामाला खरं वळण इथे मिळालं. पुढचा किंग पिन, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं तो पिन, वरून किंचित मागे कललेला असतो, त्या कलाला कॅस्टर म्हणतात. वळणानंतर हँडल आपोआप सरळ येतं ते त्याच्यामुळे. जिम्नीला पुढचा ॲक्सल लांब दांड्यांवर धरलेला असतो. गाडी उंच झाली की दांडे खाली झुकतात, ॲक्सल पुढे फिरतो आणि कॅस्टर घटतो. दांडा ८०० मिलिमीटरचा आणि लिफ्ट ५० ची धरली तर साधारण साडेतीन अंश. इतका कॅस्टर गेला की गाडी सरळ रस्त्यावरही सारखी सावरत बसावी लागते. उपाय म्हणजे छिद्र बाजूला सरकवलेले बुश किंवा दांडा पुन्हा पातळीत आणणारे ब्रॅकेट. आम्ही ब्रॅकेटला पसंती देतो, कारण दांड्याचा कोन सुधारला की चालही मऊ होते. पॉलियुरेथेनचे कडक बुश या दांड्यांना आम्ही घालत नाही. ॲक्सल तिरका व्हायला रबराचं पिळणं लागतं. ते अडवलं की ताण ब्रॅकेटच्या वेल्डवर येतो.

पाट्याच्या गाडीला कॅस्टर द्यायला पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर बसते, दोन किंवा तीन अंशांची. ॲल्युमिनियमची पाचर चेपते आणि फुटते, म्हणून पोलादाचीच वापरावी. शॅकल पुढच्या टोकाला असेल आणि तो लांब केला असेल तर कॅस्टर तिथेच गेलेला असतो. दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. पुढच्या डिफरन्शियलचं नाक मागे बघतं, त्यामुळे कॅस्टर वाढवला की ते खाली जातं आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (टोकाच्या जोडाचा) कोन वाढतो. चार अंश मागणाऱ्याला आम्ही अडीचवर थांबवतो.

पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवा सरकू न देणारा दांडा) आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) ही जोडी आहे. दोन्ही एकमेकींना समांतर आणि जवळपास सारख्या लांबीच्या असल्या तर चाक वर-खाली होताना हँडल हलत नाही. उंचीमुळे ॲक्सल सात-आठ मिलिमीटर एका बाजूला सरकतो, म्हणून काही जण फक्त पॅनहार्डचं ब्रॅकेट बदलतात. ॲक्सल मधोमध येतो, पण समांतरपणा जातो आणि प्रत्येक गचक्याला हँडल हिसका देतं. पॅनहार्डची लांबी समायोज्य ठेवावी, आणि ब्रॅकेट बदललं तर ड्रॅग लिंकही त्याच कोनात आणावी. जिप्सीचे पाटे ॲक्सलच्या खालून वर घेतले तर पाचेक इंच उंची मिळते. तिथे सरळ ड्रॅग लिंक चालतच नाही, वाकवलेली घ्यावी लागते. शिवाय जोर लावला की पाटे इंग्रजी एससारखे पिळतात, त्यासाठी मागे ट्रॅक्शन बार लागतो.

गतिरोधक ओलांडला आणि पन्नास-साठला पुढची चाकं नाचायला लागली तर लोक आधी स्टिअरिंग डँपर (हँडलचे हिसके शोषणारा शॉकअप) विकत आणतात. डँपर नाच झाकतो, मूळ ढिलाई तशीच राहते. आमचा क्रम असा: चाकांचा बॅलन्स, पॅनहार्डचे बुश, त्या बोल्टचं भोक लांबट झालंय का, टाय रॉड एंड, किंग पिनचे बेअरिंग, आणि शेवटी कॅस्टर. चाकं जमिनीवर, इंजिन चालू. एकाने हँडल थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली प्रत्येक जोडावर हात ठेवायचा. ढिला जोड हाताला कळतो, डोळ्याला चुकतो. जिप्सीच्या किंग पिनला ऑइल सील काढून स्प्रिंग काट्याने ओढून बघतो. एक ते १.८ किलोला नकल (चाकासोबत वळणारा भाग) फिरायला हवी. त्याआधीच फिरली तर शिम (पातळ चकत्या) कमी करतो. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून प्ले घालवणं हा शेवटचा उपाय, आणि तोही चाकं सरळ ठेवून पाव फेरीपेक्षा जास्त नाही. जास्त आवळला तर हँडल वळणावरून परत येत नाही.

पावसाळ्यात एक तपासणी या सगळ्याच्या आधी. आपली काळी माती रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते आणि उघडीप मिळाली की दगड होते. बॅलन्स पार बिघडतो आणि गाडी थरथरते. प्रेशरने आतून धुऊन बघा, बऱ्याच गाड्या तेवढ्यानेच सुधारतात. उघडे रॉड एंडही या मातीत टिकत नाहीत, रबरी टोपीवालेच घ्यावेत.

हवा टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी भरू नये. मोठ्या टायरला खडूने आडवी रेघ मारा आणि शंभर मीटर सरळ चालवा. मधलाच खडू पुसला तर हवा जास्त आहे, दोन-दोन पीएसआय कमी करत जा. तपासणी सकाळी, थंड टायरवर. उन्हाने टायर दहा अंश तापला की साधारण दीड पीएसआय वाढतो, आणि मे महिन्यात दुपारी घेतलेलं माप फसवतं. टो-इन (पुढची चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं) अखंड ॲक्सलला दोन-तीन मिलिमीटर पुरतो. बाहेर निघालेले रुंद रिम मात्र आम्ही सुचवत नाही. हँडलला हिसके वाढतात आणि बेअरिंग लवकर जातं.

उंच केल्यावर विसरल्या जाणाऱ्या गोष्टी म्हणजे हेडलाइटचा झोत खाली करणं, नव्या गाडीत हँडल सरळ केल्यावर स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणणं, आणि मागे एलएसपीव्ही (मागच्या वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा वाल्व्ह) असेल तर त्याची दांडी नव्या उंचीला जुळवणं. ही दांडी तशीच राहिली तर वाल्व्हला मागचा भाग रिकामा वाटतो आणि मागचा ब्रेक कमी लागतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं, म्हणून काम धरण्याआधी मालकाशी तेही बोलतो.

काम झाल्यावर गाडी ५०० किलोमीटरने परत मागवतो. नवे पाटे थोडे बसतात आणि पाटा ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट सैल पडतात. ते कोपऱ्यासमोरचा कोपरा अशा तिरक्या क्रमाने पुन्हा आवळतो, टो-इन मोजतो आणि प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढून देतो. रेघ तुटलेली दिसली की मालकाने गाडी तिथेच थांबवून आम्हाला फोन करायचा.