वॉशिंग मशीनची उल्लोळ विहीर

सकाळी सहाला घरात धाड्कन आवाज झाला आणि सासूबाई हातातली फुलाची परडी तशीच टाकून अंगणात. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा मोठा भूकंप झाला तेव्हा त्या पाटणला होत्या, आठ वर्षांच्या, आणि तोही पहाटेच झालेला, त्यामुळे साताऱ्यात येऊन इतकी वर्षं झाली तरी काही दणकलं की त्या आधी दाराबाहेर, मग चौकशी. मी आतून ओरडले, "आई, मशीन लावलंय, भूकंप नाही!"

मग ते रोजचंच झालं. मशीन पाणी घेताना नुसतं सूंऽऽ, आणि पाणी घ्यायचं थांबलं की धाड्! भिंतीतल्या भिंतीत कुणीतरी घण घातल्यासारखं. नवरा म्हणाला जुनं झालंय, विकून टाकू. त्याचं प्रत्येक गोष्टीवर हेच औषध असतं. पण वरच्या शॉवरला धार येत नाही म्हणून गच्चीवर प्रेशर पंप बसवला आणि त्याच आठवड्यात हे सुरू झालं, ही गोष्ट घरातल्या चार शिकलेल्या माणसांच्या लक्षात यायला पंधरा दिवस गेले.

शेवटी शाहूपुरीतल्या आमच्या नेहमीच्या प्लंबरमामांना बोलावलं. त्यांनी मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. वैद्यानं नाडी बघावी तसा पाईपवर हात ठेवला आणि मला म्हणाले, वहिनी, किचनचा नळ सोडा आणि हळू बंद करा. काही नाही. आता झटक्यात बंद करा. धप्प! "मशीनला काय बी झालं नाय. एसटीत उभं हाय आन् डायवरनं पोवई नाक्यावर करकचून ब्रेक मारला तर मागची मानसं पुढच्याच्या अंगावर जात्यात का नाय? पाण्याचं तसंच."

पूर्वीचे नळ चार-पाच फेरे फिरवून बंद व्हायचे, पाणी आपोआप सावकाश थांबायचं. मशीनचा वॉल्व्ह विजेवर चालतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत मिटतो. पंपामुळे आधीपेक्षा जोरात धावणारं पाणी अडतं, दाबलं तरी दबत नाही, मग तो धक्का उलटा फिरून पाईपमधून पळत सुटतो, आमच्यासारख्या जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपमध्ये तर सेकंदाला किलोमीटरच्या वर. सेकंदाला एक मीटर वेगानं वाहणारं पाणी एकदम थांबवलं तर लोखंडी पाईपात क्षणभर दर चौरस सेंटिमीटरला बारा-तेरा किलो प्रेशर वाढतं, आणि आमच्या गच्चीवरच्या टाकीचं स्वतःचं प्रेशर असतं जेमतेम अर्धा-पाऊण किलो! झुकोव्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १८९८ च्या सुमारास मॉस्कोच्या पाण्याच्या लाईनवर प्रयोग करून हे गणित मांडलं, म्हणजे मशीन घरोघरी यायच्या कितीतरी आधी, तेव्हा तिथल्या बायका हातानंच धुणं बडवत असणार.

हे सगळं मी रात्री जेवताना रंगवून सांगत होते, तर सासरे (कोयना प्रकल्पातून रिटायर्ड) शांतपणे ताकाचा भुरका घेऊन म्हणाले, "मग तुमच्या मशीनला उल्लोळ विहीर नाही का?" कोयनेचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून खाली पोफळीच्या वीजघराकडे जातं. टर्बाईन अचानक बंद करावं लागलं तर मागून येणारं एवढं पाणी जाणार कुठं, म्हणून वाटेत एक उभी विहीर असते, पाणी तिच्यात वर चढतं आणि दम खाऊन खाली येतं. आयुष्यभर ऐकलेला शब्द, पण तो माझ्या बाथरूमला लागू पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामांनी मशीनच्या नळाजवळ टी टाकून फूटभर पाईप उभा जोडला आणि वरून टोपण बसवलं. आत हवा, तीच आमची विहीर. अँगल कॉक अर्धा बंद केला, मशीन भरायला तीन-चार मिनिटं जास्त लागतात, लागू देत. पण खरा चोर निघाला डक्टमध्ये, म्हणजे पाईप जातात त्या उभ्या बोळकांडीत, तिथला एक क्लॅम्प गंजून तुटलेला आणि पाईप दर वेळी उडून भिंतीवर आपटत होता. नवीन क्लॅम्प, मध्ये रबराची पट्टी, संपलं. चहा आणि कंदी पेढा.

तीन महिन्यांनी पुन्हा बारीक धप्प सुरू झालं, कारण उभ्या पाईपातली हवा हळूहळू पाण्यात विरघळते. मग वरून पाणी बंद करून सगळे नळ सोडून लाईन रिकामी करायची, की हवा परत भरते. हे काम सासऱ्यांनी आपणहून घेतलंय, कॅलेंडरवर "उ. वि. देखभाल" असं लिहून ठेवतात.

तक्रार आता फक्त सासूबाईंची आहे. तिसरा धाड् झाला की त्या गच्चीवर दोऱ्या पुसायला जायच्या, म्हणजे शेवटचं पाणी झालं, आता पिळून येईल असा त्यांचा हिशेब बसला होता. हल्ली दर दहा मिनिटांनी येऊन मशीनच्या झाकणाला कान लावतात.