आमची वाटचाल: बोल्ट शेवटी आवळायचा

आम्ही दोघांनी गाळा घेतला तेव्हा जवळ एक ट्रॉली जॅक, उचललेली गाडी टेकवायच्या चार घोड्या आणि पान्यांचे दोन संच होते. ऑइल, ब्रेक, क्लच, जे येईल ते काम करायचो. मागच्या सस्पेन्शनमध्ये शिरलो ते एका गिऱ्हाइकामुळे. त्यानं गाडी ३० मिलिमीटर खाली बसवणारे स्प्रिंग आणि लांबी कमी-जास्त करता येणारे मागचे आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे, आणून समोर ठेवले आणि विचारलं, ‘जमेल ना?’ नाही म्हणायची तेव्हा ऐपत नव्हती.

एका दुपारी बसवलं सगळं. गाडी घोड्यांवर, चाकं लोंबकळत, आणि आम्ही एकेक बोल्ट कचकचून आवळलेला. चार महिन्यांत तो परत आला. मागून खडखड, आर्मच्या टोकाला सांध्यात बसणारे रबरी बुश फाटलेले. आम्ही सरळ मालाला नावं ठेवली, नवे बुश मागवले आणि पुन्हा तसेच बसवले. तेही फाटले.

तिसऱ्या वेळी भागीदारानं बुशच्या आतल्या नळीवरून आर्मपर्यंत खडूनं एक सरळ रेघ ओढली. बोल्ट आवळून गाडी खाली घेतली तर रेघ मधोमध तुटलेली. आतली नळी बोल्टनं जागच्या जागी जखडली होती, आर्म मात्र वर फिरला होता. मधलं रबर दोन्हीकडे चिकटलेलं, म्हणजे गाडी नुसती उभी असतानाही ते पिळलेलंच. माल बरा होता, चूक आमच्या हातांची होती.

तेव्हापासून गाडी हवेत असताना आम्ही बोल्ट फक्त टेकवतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर गाडी नव्या उंचीवर उभी असताना मोजून ठेवतो. मग गाडी रॅम्पवर घेऊन, किंवा हबखाली, म्हणजे चाक जिथे बसतं त्या भागाखाली, जॅक लावून तेवढंच अंतर आणून, ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या टॉर्क रेंचनं शेवटचं आवळणं. यात वेळ जातो, आणि घाईतल्या गिऱ्हाइकाला तो फुकट गेल्यासारखा वाटतो.

अलाइनमेंटसाठी, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, गाड्या बाहेर पाठवायचो. तिथे पुढचा टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत-बाहेर किती वळलीत ते, जुळवून कागद हातात ठेवायचे, मागे कोणी बघायचंच नाही. शेवटी कर्ज काढून स्वतःचं मशीन घेतलं. धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च तोच, आणि पहिलं वर्ष त्यानं झोप उडवली. पण काम खरं तिथेच कळलं. गाडी खाली बसली की मागची चाकं वरून आत झुकतात. हा झुकाव म्हणजे कॅम्बर. आर्मची लांबी बदलून तो सावरला की टो हलतो. म्हणून आधी कॅम्बर, मग टो. आणि आधी मागचं, मग पुढचं, कारण मागची चाकं तिरकी राहिली तर पुढचं कितीही जुळवा, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडंच राहतं. टायरची आतली कड झिजली की लोक कॅम्बरला दोष देतात. आम्ही टायरवरून आडवा तळहात फिरवायला सांगतो. करवतीसारखं लागलं तर आधी टो बघा.

एकदा आर्मची लांबी पक्की धरणारा लॉक नट ढिला होऊन एक गाडी आठवड्यात परत आली. आता प्रत्येक नटावर रंगाची खूण करतो आणि ५०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा बोलावतो. मागचा भाग खाली गेला की हेडलाइट वर रोखतात, समोरच्याच्या डोळ्यांत जातात. तेही जुळवूनच गाडी सोडतो.

कामं नाकारतोही. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई, असलेल्या गाडीला कॅम्बर आर्म लावून मागणारे येतात. लावणार कुठे? तिथे तसा आर्मच नसतो. स्प्रिंग कापून द्या म्हणणाऱ्यांशी तर वादही घालत नाही.

आज आम्ही पाच जण आहोत. नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात खडू देतो.

तो पहिला गिऱ्हाईक गेल्या वर्षी परत आला. गाडी गतिरोधकांवर घासते, घरचे वैतागलेत, मूळ स्प्रिंग बसवा म्हणाला. ते आमच्याच माळ्यावर पडून होते. नवा मुलगा स्प्रिंग बदलून हात पुसायला लागला, तर भागीदार म्हणाला, ‘आर्मचे बोल्ट सैल कर. उंची बदलली ना?’