निळे बाण

पोर्तुगालमधल्या सांतारेंहून फातिमा या तीर्थक्षेत्राला जाणारी वाट निळे बाण बघत चालायची. साधारण ६० किलोमीटर. मला तीन दिवस लागले. देवासाठी निघाले होते असं म्हणणं खोटं ठरेल. मे महिन्यातली हवा आणि ऑलिव्हच्या बागांमधून चालायला मिळतंय, एवढाच लोभ.

पण १३ मे तोंडावर आला होता. १९१७ साली याच दिवशी फातिमात लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता या मेंढरं राखणाऱ्या पोरांना मरियामातेचं दर्शन झालं, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे वाटेवर जथेच्या जथे. अंगात चमकती पिवळी जाकिटं, हातात काठ्या, ओठांवर जपमाळेची प्रार्थना. मी त्यांच्यामागून फोटो काढत चाललेली.

मिंदे गावानंतरच्या चुनखडीच्या चढाने माझी खोड मोडली. दोन्ही टाचांना फोड आले. लंगडत एका मदत केंद्रात शिरले. विशीतल्या एका मुलीने घमेल्यात कोमट पाणी आणलं आणि खाली गुडघे टेकून माझे धुळीने माखलेले पाय धुवायला घेतले. मला इतकं अवघडलं की उगाचच बोलून गेले, "मी ख्रिश्चन नाही हं." पट्टी बांधता बांधता, वर न बघताच ती म्हणाली, "दुसरा पाय."

फातिमात आधी भेटतात ती दुकानं. मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची तान्ही बाळं. नवसाचा हा बाजार बघून माझ्यातली शंकेखोर बाई पुन्हा जागी झालीच.

मग ते अफाट पटांगण. दर्शनाच्या जागी बांधलेल्या छोट्या चॅपेलकडे संगमरवराची एक गुळगुळीत पट्टी जाते. तिच्यावरून एक पन्नाशीचा माणूस गुडघ्यांवर सरकत होता. शेजारी त्याची लेक असावी. ती एक पाऊल टाकायची, थांबायची. तो पोचला की पुढचं पाऊल. दोघं एक अक्षर बोलत नव्हते. कॅमेरा माझ्या हातातच होता. तो पिशवीत कधी गेला, कळलं नाही.

मेणबत्त्या लावायच्या जागी तर आगच भडकलेली. माझी मेणबत्ती नीट उभी करेपर्यंत धगीने वाकलीसुद्धा. लोक पुरुषभर उंचीच्या मेणबत्त्या आणून सरळ त्या जाळात ठेवत होते.

१२ तारखेच्या रात्री पटांगणभर ज्योती. १३ला सकाळी मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, झाल्यावर मरियामातेची मूर्ती खांद्यांवरून चॅपेलकडे परत निघाली. मुकुटात १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर झाडलेली गोळी बसवलेली आहे, हे वाचलेलं होतं. पण एवढ्या लांबून काय दिसणार! दिसले ते पांढरे रुमाल. हजारो. निरोप देताना सगळं पटांगण हलत होतं.

माझ्याकडे रुमाल नव्हता. शेजारच्या आजींनी डोळे पुसता पुसता पुडीतला एक कागदी रुमाल काढला आणि माझ्या हातात कोंबला.